बुलढाणा नमुना

१२ सप्टेंबर

ताई,

जय भीम. मी मजेत आहे. देशाचं तेवढं खरं नाही, पण देश माझा नाही आणि त्याचं बरंवाईट बघायला या शांतता मोहिमेत माझ्यासारखे पुष्कळ विद्वान भरलेत. देशाचं नाव पत्रात लिहायचं नाही असा सुरक्षा विभागाचा नियम आहे. लिहिलं असतं तरी तुला काय उजेड पडणार होता? मलाच आदेश हातात पडल्यावर पोरीच्या नकाशाच्या पुस्तकात शोधावं लागलं होतं.

इथल्या सरकारने निवडणूक होईपर्यंत फोन आणि नेट बंद करून टाकलंय, म्हणून हे पत्र. आपल्या भारतीय तुकडीतला कोणी जवान सुटीवर निघाला की दिल्लीला टपालात टाकतो. तू फौजी डाकेने उत्तर पाठव. दहा-बारा दिवस लागतात.

भाऊजींना म्हणावं, तुमचा साळा इथे 'निवडणूक सल्लागार' आहे. तहसीलात निवडणूक शाखेचा नायब तहसीलदार म्हणून ज्याला चहावालाही दुसऱ्या हाकेला ओ द्यायचा, त्याच्या गळ्यात आता फोटोचं ओळखपत्र आहे. गोळी अडवणारं जाकीटही दिलंय. ते पोटावर लागत नाही. गोळीने थोडं वरून यावं, अशी अपेक्षा आहे.

आता कामाचं ऐक. माझ्या वाट्याला आलेल्या जिल्ह्यात एक पूल आहे आणि पुलावर एक जनरल आहे. त्याला जनरल कोणी केलं हे कोणी विचारत नाही. दोन वर्षांपूर्वी नदीपलीकडचे बंडखोर गावं जाळत सुटले होते, त्यांना यानेच थोपवलं. आता धान्याचे, औषधांचे ट्रक पलीकडच्या छावण्यांत जातात ते याच्या मर्जीने. आणि जिल्हाप्रमुखाच्या निवडणुकीला याचा पुतण्या उभा आहे. त्याच्याविरुद्ध एक मास्तरीण, मादाम क्लेमान्स. लोकांचा कल तिच्याकडे आहे.

आमची निवडणूक शाखा म्हणते, लढत झालीच पाहिजे, आपण आलोत कशाला? सुरक्षा विभाग म्हणतो, पुतण्या पडला की जनरल पूल बंद करणार, छावण्या उपाशी मरणार, बंडखोर परत येणार. दोघांचंही खरं आहे, त्यामुळे रोज बैठक होते.

काल मी उठलो. तीन महिन्यांत माझं तोंड बैठकीत फक्त बिस्किटासाठी उघडलं होतं. मी म्हणालो, आमच्या जिल्ह्यात यावर एक उपाय आहे. बिनविरोध! मास्तरीणबाईंनी माघार घ्यावी, त्यांना उपप्रमुख करावं, पूल उघडा राहील, लढत नाही आणि रक्तही नाही. सुरक्षा प्रमुख म्हणजे थंड मुलखातले एक साडेसहा फुटी कर्नल आहेत. त्यांनी चक्क डायरी काढली. म्हणाले, सविस्तर मांडा.

आता पंचाईत अशी की मी बिनविरोध फक्त तहसीलच्या खिडकीतून पाहिलंय. कागद यायचा, शिक्का मारायचा, चार वाजता घरी. आतून ते कसं शिजतं हे किसनरावजींना ठाऊक. तुझे चुलतसासरे म्हणजे या विद्येचे कुलगुरू. त्यांना विचारून लिहून पाठव.

तुझा,
प्रसेन


२७ सप्टेंबर

प्रसेन,

जय भीम. पोस्टमननं लिफाफ्यावर फौजी शिक्का पाह्यला अन् प्रसेनजितले बार्डरवर धाडलं म्हनून अर्ध्या गावाले सांगत आला. मी चक्कीवर होती. बाया सांत्वनाले आल्या अन् दळन टाकून गेल्या. तुह्या मरनाच्या बातमीनं धंदा बरा झाला.

किसनराव मामाजीले इचारलं. किसनरावजी असे खूश झाले का पुसू नको. पत्रच घेऊन गेले. म्हने, पोट्ट्यानं नाव काढलं, जपून ठेवतो. कुलगुरू शब्द चारदा वाचाले लावला.

कसं शिजते थे ऐक. पहिले पारावर सारे जमा होते. सारे म्हंजे मानसं. बाया घरून चहा धाडते. मंग कोनी तरी मांगच्या लढतीची याद काढते. थ्या वक्ताले गोटे चालले, तुह्या भाऊजीच्या डोक्याले टाके पडले, महिनाभर पोलिसची गाडी गावात उभी होती. हे काही खोटं नाही. टाके म्याच पाह्यले. मंग सारे मान हालवते. मंग मामाजी म्हनते, गावाच्या इज्जतीचा सवाल हाये. मंग एक नाव निंघते. नाव आंधीच ठरेल असते, पन निंघते असं का जसं आत्ताच सुचलं. दुसऱ्या कोनाले उभं राह्यचं असलं त चार जन त्याच्या घरी जाते, हात जोडते. हात जोडून नाही ऐकलं त मंग हात सोडते. झालं बिनविरोध. मंग तुमचे सायेब येते अन् गावाचा सत्कार करते. तूबी एकदा आला होता. श्रीफळ तुनंच देल्लं होतं मामाजीले.

मी या गावात लग्न होऊन आली तवापासून ग्रामपंचायतीले एकच डाव मतदान झालं, अन् थ्या दिवशी मी माहेरी बाळंतीन होती. खासदाराले मत देल्लं, आमदाराले देल्लं. पन आपल्या वस्तीत नळ आठव्या दिवशी काऊन येते, हे ज्याले इचाराचं त्याले म्या कधी निवडलंच नाही. गंमत हाये का नाही?

ह्या वक्ताले सरपंचाची सीट आपल्या समाजाच्या बायायसाठी सुटली. पारावर चहा जाऊन राह्यला. बाकी विशेष काही नाही.

थे मास्तरीन काय म्हनते बे? तिले इचारलं का कोनी?

दीपमाला


११ ऑक्टोबर

ताई,

जय भीम, आणि तुझ्या भावाचं अभिनंदन कर. फत्ते!

तुझ्या पत्रावरून मी सात पानांचं सादरीकरण केलं. शीर्षक 'बुलढाणा नमुना'. पार म्हणजे 'पारंपरिक संवादस्थळ'. चहा म्हणजे 'महिलांचा सहभाग'. हात सोडण्याचा भाग गाळला. कर्नलसाहेबांनी मला मिठी मारली. माझं डोकं त्यांच्या बिल्ल्याला लागलं आणि कपाळावर त्यांच्या देशाचा सिंह दोन दिवस उमटून राहिला. निवडणूक शाखेतले सहकारी तेव्हापासून माझ्या टेबलावर जेवत नाहीत. मी मनात म्हटलं, जळतात लेकाचे.

मग आम्ही चौघे मादाम क्लेमान्सच्या घरी गेलो. हात जोडले. म्हणजे मी जोडले, बाकीच्यांना जमत नाही. मी म्हणालो, मी ज्या जिल्ह्यातून आलो तिथे गावाच्या शांततेसाठी लोक हे आनंदाने करतात. तिने माझ्याकडे पाहिलं, बाहेर उभ्या असलेल्या जनरलच्या जीपकडे पाहिलं आणि सही केली.

तू विचारलंस ती काय म्हणाली. काहीच म्हणाली नाही. गप्प होती, म्हणजे पटलं असावं. आपल्याकडेही सभेत कोणी बोललं नाही की 'सर्वानुमते' लिहितोच आपण.

नंतर जनरलने पुलावर चहा पाजला. त्याने खांद्यावर हात टाकून फोटो काढवला. फोटोत मी जावई दिसतो. पूल उघडा आहे, ट्रक जात आहेत, आणि राजधानीतून माझा कौतुकाने उल्लेख झालाय. किसनरावजींना सांग, त्यांची विद्या सातासमुद्रापार पोचली. जमल्यास हेही पत्र त्यांना दाखव.

सीट सुटली हे वाचलं. कोण उभं राहतंय? शहाण्याने या भानगडीत पडू नये. भाऊजींच्या डोक्याला जप.

तुझा,
प्रसेन


२६ ऑक्टोबर

प्रसेन्या,

मी उभी हाये.

मांगच्या पत्रात सांगनार होती. पन तू असा फुगेल होता का म्हनलं, पहिले पोट्ट्याची हवा निंघू दे. थे काही निंघाली नाही.

आता तुह्या विद्येचं फळ ऐक. पोस्टमननं दुसरं पत्र सरळ मामाजीच्याच हातात देल्लं. परवा पारावर सभा झाली. ह्या वक्ताले मी चहा धाडला नाही, मी सोता गेली. मामाजीनं चष्मा लावला अन् तुह्ये दोन्ही पत्रं मोठ्यानं वाचले. 'जगाच्या शांततेची मोहीम आपल्या गावापासून शिकून राह्यली, अन् आपल्याच घरची सून लढत मांगते!' लोकायनं टाळ्या वाजवल्या. हात सोडाचं वाक्य तुनं जसं गाळलं तसं त्यायनंबी गाळलं. शेवटी थे वाक्य त लय ठासून वाचलं, शहान्यानं या भानगडीत पडू नये. सारे माह्याकडे पाहाले लागले. भावानंच म्हनलं, मंग बहीन काय बोलन? मले वाटलं, हा तहसीलदार आता सापडाले पायजे होता, याच्या कानाखाली शिक्काच मारला असता.

नाव निंघालं जनकाबाईचं. तुले आठवत असन, किसनरावजीच्या वावरात निंदाले असते. बाई चांगली हाये, पन सभेत मांगं उभी होती, तिचं नाव निंघालं तवा तिलेच मालूम नव्हतं.

चार जन त सभेच्या आंधीच घरी येऊन गेले. हात जोडून झाले. आता सोडले. आठ दिवस झाले, चक्कीवर कुत्रं फिरकत नाही. लोक जानेफळले जाऊन दळन आनते. तुह्ये भाऊजी मले काही म्हनत नाही, फकस्त डोक्यावरून हात फिरवते. थ्या मानसाले भेव वाटते अन् त्याचं काही चुकत नाही. गोटा त्यालेच लागला होता. मलेबी वाटते. रात्री झोप येत नाही. उद्या कोनाच्या पोराचं डोकं फुटलं त सारे म्हनन, दीपमालाच्या हौशेपायी फुटलं.

माघारीची तारीख ५ नोव्हेंबर हाये. तवालोक तुह्यं पत्र येत नाही, मालूम हाये मले. तरी किसनरावजीले दोन ओळी लिही का तुह्यं चुकलं. अन् थ्या मास्तरणीले जाऊन इचार. गप्प होती म्हंजे पटलं! अबे, तुह्या लग्नाच्या बैठकीत मीबी गप्पच होती.

दीपमाला


९ नोव्हेंबर

ताई,

तुझं पत्र कालच्या विमानाने आलं. माघारीची तारीख गेली. तू काय केलंस, मला माहीत नाही. निघण्याआधी उपग्रहाचा फोन मागायला गेलो होतो. तो कर्नलसाहेबांच्या ताब्यात असतो, आणि ते माझ्याशी बोलत नाहीत. का, ते सांगतो.

तुझ्या आधीच्या पत्रातला एक प्रश्न मला छळत होता, हे कबूल करायला मला लाज वाटायची. मागचं पत्र तुला धाडल्यावर चार दिवसांनी मी एकटाच मादाम क्लेमान्सच्या शाळेत गेलो. दुभाषा घेतला. विचारलं, तुम्ही आपखुशीने माघार घेतली का? ती म्हणाली, "हे विचारणारे तुम्ही पहिलेच. पण सहीनंतर विचारताय."

मग तिने मला विचारलं, "तुमच्याकडे लोक हे आनंदाने करतात म्हणालात. तिथल्या बायका काय म्हणतात?"

ताई, माझ्याकडे बायकांचं म्हणणं एकच होतं. तुझं सप्टेंबरचं पत्र. खिशातून काढून वाचून दाखवलं, गाळलेल्या ओळीसकट. 'हात जोडून नाही ऐकलं त मंग हात सोडते' हे दुभाष्याला तीन वेळा समजवावं लागलं. समजल्यावर ती इतकी हसली की डोळे पुसायला लागली. मग तिने सांगितलं, सही केली त्याच्या आदल्या दिवशी जनरलच्या माणसांनी तिच्या भावाला उचलून नेलं होतं, सहीनंतर सोडलं. आमचे जोडलेले हात त्याला उचलल्यानंतरचे. मला फार लाज वाटली. अजून वाटते.

नियम असा आहे की दबावाखाली माघार घेतली असं सल्लागाराने लेखी दिलं तर अर्ज परत जिवंत होतो. तो सल्लागार मीच. तिला विचारलं, तुम्हाला हवं आहे का? या वेळेस आधी विचारलं. ती म्हणाली, हवं आहे.

मी अहवाल दिला त्या संध्याकाळी कर्नलसाहेबांनी बोलावलं. मला वाटलं ओरडतील. ते ओरडले नाहीत, तेच वाईट झालं. म्हणाले, "पलीकडे चाळीस हजार माणसं या पुलावरून जेवतात. तुम्ही मन स्वच्छ करून घरी जाल. उद्या पूल बंद झाला तर तिथल्या आयांना काय सांगायचं, ते मला शिकवून जा." सात पानांचं सादरीकरण करणारा माणूस, पण एक ओळ सुचली नाही. आजही सुचलेली नाही. तरी अहवाल मागे घेतला नाही.

पूल बंद झाला. ट्रक उभे राहिले. तिसऱ्या दिवशी गोळीबार झाला, आपल्या तुकडीतल्या एका हवालदाराच्या मांडीत गोळी लागली. हिंगोलीकडचा आहे. दवाखान्यात भेटायला गेलो तेव्हा मान वर करवत नव्हती. तोच म्हणाला, "साहेब, आता एवढं झालंच आहे, तर निवडणूक तरी घेऊन टाका." पाचव्या दिवशी पूल उघडला. लोकशाहीवर प्रेम बसलं म्हणून नव्हे. पुलाच्या अलीकडे जनरलच्या स्वतःच्या माणसांचंही मीठ-तेल त्याच ट्रकांतून उतरायचं, ते संपलं होतं. हे आमच्या कोणत्याच तक्त्यात नव्हतं. पण पाच दिवस छावण्यांत जे झालं ते झालं, आणि ते माझ्या सहीने झालं.

मला जिल्ह्यातून काढलंय. आज राजधानीत आलोय, इथे चौकशी होईपर्यंत बसवून ठेवतील, डाकेचा पत्ता तोच. हेलिकॉप्टरपर्यंत मादाम क्लेमान्स आली होती. मला वाटलं आभार मानेल. भाषणाला उत्तरही जुळवून ठेवलं होतं, काय सांगू तुला. ती म्हणाली, "तुम्ही चाललात. आम्ही इथेच आहोत." आणि शाळेची वेळ झाली म्हणून निघून गेली. मतदान दहा दिवसांनी आहे.

सोबत किसनरावजींसाठी वेगळा कागद जोडलाय. 'माझं चुकलं' एवढंच लिहिलंय, सही आहे, शिक्का नाही. ताई, तू माघार घेतली असलीस तर तुला काही म्हणणार नाही. नसलीस तरी नाही. मला आता कोणालाच काही सल्ला द्यायचा नाही. फक्त कळव.

प्रसेन


१० डिसेंबर

प्रसेन,

जय भीम. तुह्यं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्या वक्ताले तुह्या भाऊजीनं वाचून दाखवलं, मले रडू येऊन राह्यलं होतं म्हनून. थ्या हवालदाराले कसं हाये थे लिही.

माघार घेतली नाही. घेनार होती. चार तारखेले रात्री कागद लिहून ठेवला होता, खोटं काऊन सांगू. पाच तारखेले सकाळी चक्की झाडून बसली, त जनकाबाई डोक्यावर ज्वारीचा डबा घेऊन आली. अख्ख्या गावात थे एकटी आली. मी म्हनलं, बाई, तुले पाह्यलं त लोक काय म्हनन? थे म्हने, दळून दे पहिले. दळन झाल्यावर बोलली. म्हने, "दीपमाला, तू हटू नको. तू हटली त मी त्याइची सरपंच. जिथं बोट ठेवन तिथं अंगठा. तू उभी राह्यली अन् मी तुले पाडलं, त मी लोकायची सरपंच. मंग मले कोन बोलते थे पाहतो." मी म्हनलं, अन् म्याच तुले पाडलं त? थे म्हने, पाड ना बाई, मंग तू पाह्य.

असं पाह्य, बापा. जिचं नाव तिले न इचारता काढलं, थे एवढं सोचून बसली होती. अन् मी तिले बिचारी म्हनत होती. हुशारीत आपन दोघंबी बहीनभाऊ सारखेच.

मंग मी माघारीचा कागद चुलीत टाकला. मले चिन्ह छत्री भेटली, तिले शिलाई मशीन. मतदानाच्या दिवशी पोलिस होते, गोटे नव्हते. एका पोट्ट्यानं दुसऱ्याची कालर धरली होती, त दोघाइच्या आयांनीच त्याइले हानलं. मी एकवीस मतानं पडली. घरी येऊन हमसून हमसून रडली. पडल्याचं दुख होतेच, कोनी काही म्हनो. तुह्ये भाऊजी म्हने, एवढे मतं तुले पडले, म्या त एकच टाकलं होतं.

तुह्या चुकीचा कागद मामाजीले देल्ला. म्हनलं, हेबी पारावर वाचा. म्हने, अक्षर लय बारीक हाये, चष्मा सापडत नाही. नाकावरच होता.

परवा पहिली ग्रामसभा झाली. मामाजीनं नेहमीसारखा कागद सरकवला, सही कर म्हने. जनकाबाई म्हने, "ठेवून द्या. वाचून घेतो कोनाकडून, मंग करतो." म्हातारा असा पाहत राह्यला! मी उठली अन् नळाचं इचारलं. थे म्हने, दीपमालाबाई, पडल्या तरी इचारता? मी म्हनलं, पडली म्हनूनच इचारतो, सरपंच असती त उत्तर द्यावं लागलं असतं. लोक हासले, मंग एकदम सारेच बोलाले लागले. कोनी म्हने आमच्या गल्लीतबी येत नाही, कोनी म्हने मोटर कोनाच्या वावरात चालते थे सांगा. मामाजी लाल झाले. भांडन झालं, बे! ज्याले बावीस साल सारे भेत होते थे भांडन झालं. दीड घंटा चाललं. तुह्ये भाऊजी दरवाज्यापाशी डोक्याले पंचा गुंडाळून तयार बसले होते. कोनाले काही लागलं नाही. मंग भूक लागली, सारे घरी जेवाले गेले. आता चक्कीवर लाइन लागते, भांडन आंधी तिथं होते अन् मंग ग्रामसभेत.

पन तुह्या कर्नलचं मी काही खोटं धरत नाही. आपल्या इथं फकस्त गोटे होते, तिथं बंदुका हायेत. माह्यं जमलं म्हनून तिचंबी जमन असं मी म्हनत नाही. थे चाळीस हजार अन् थे आया, मलेबी त्याइले काय सांगावं थे समजत नाही.

एकच सांगते. तुनं चार पानं लिहिले, तुही चौकशी, तुही लाज, तुह्यं हेलिकॉप्टर. मतदान होऊन इतके दिवस झाले. थे निवडून आली का पडली, तिचा भाऊ घरी हाये का, थे सोता घरी हाये का, काहीच कळवलं नाही. तुले तिथून काढलं, इचाराले कोनी बंदी केली नाही. जा अन् इचार. कर्नल नाही बोलला त दुसऱ्याले इचार. थे मास्तरीन अजून तिथंच हाये.

दीपमाला